दुपारची गाडी लेट आहे

नांदेडच्या स्टेशनवर आजही 'गाडी उशिराने धावत आहे' अशी घोषणा झाली की आजूबाजूचे लोक कपाळाला आठ्या घालतात आणि मला हसू येतं. आमचे हे म्हणतात, 'चारचौघांत एकटीच हसू नकोस, लोक बघतात.' पण माझा इलाज नसतो. लेट गाडीची मजा कशी घ्यायची हे मला लातूरच्या एका घरमालकाने शिकवलं, आणि ते शिक्षण माझ्या एम.एस्सी.पेक्षा पक्कं बसलं आहे.

मी तेव्हा लातूरला एका क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवत होते. लातुरात त्या काळी ज्याच्याकडे गच्ची होती त्याने गच्चीवर खोल्या चढवल्या, ज्याच्याकडे गोठा होता त्याने गोठा शेणाने सारवायचं सोडून त्यात बाहेरगावच्या पोरांसाठी कॉट टाकल्या. जिकडेतिकडे चष्मेवाली पोरं सायकली दामटत या बॅचमधून त्या बॅचला पळत असत, आणि त्यांच्यामागे आम्ही शिकवणारे. एका प्रश्नाला एक मिनिट, हा आमचा मंत्र. मी मुळातच घाईची बाई. चहासुद्धा बशीत ओतून पिणारी, कारण कपातला निवायला वेळ लागतो.

खोली शोधत जुन्या स्टेशनजवळच्या गल्लीत गेले तर ओट्यावर एक ठेंगणे गृहस्थ जुनी छत्री मांडीवर घेऊन तिच्या काड्या उपटत बसले होते. मी म्हटलं, "खोली पाहून राहिले, आहे का?"

त्यांनी मान वर केली. "पाहून राहिले म्हणताव म्हंजी नांदेडकडच्या. कुठल्या?"

"हदगावची."

त्यांनी छत्री बाजूला ठेवली, शेजारचा स्टीलचा तांब्या उचलला, तोंडाला लावला आणि तांब्यातून घुमणारा, थेट बस स्टँडवरच्या भोंग्याचा आवाज आला, "लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर, हदगाऽऽव." मग तांब्या खाली ठेवून साध्या आवाजात म्हणाले, "खोली हाय. खालची. वरची मोठी मागू नका, तिथं स्टेशन हाय."

हे आमचे काका. सगळी नोकरी बस स्टँडवर कंट्रोलर म्हणून खिडकीत बसून काढलेली, आणि जीव मात्र सगळा रेल्वेवर. ज्या रेल्वेवर तो होता ती तरी कुठली, तर लातूरहून कुर्डुवाडीकडे जाणारी छोटी गाडी, जिच्यातून उतरून माणूस शेतातला हरभरा उपटून पुन्हा चढू शके. मी नांदेडकडची असल्यामुळे मला नाक वर करायला भरपूर जागा होती. मी म्हणे, "काका, आमच्या नांदेडला मोठ्या गाड्या येतात, तुमची ही खेळण्यातली." काका म्हणत, "हाव की. म्हणून तर खेळता येतंय."

वरच्या मोठ्या खोलीत त्यांनी ती सगळी लाइन एका भल्यामोठ्या फळकुटावर उभी केली होती. लातूर, हरंगूळ, मुरूड, ढोकी आणि पलीकडच्या कोपऱ्यात कागदाच्या लगद्याचा येडशीचा घाट. इंजिनाला टेपरेकॉर्डरची मोटर, डब्यांना तेलाच्या डब्याचा पत्रा, आणि रूळ म्हणजे छत्रीच्या काड्या. त्यामुळे त्या घरात छत्री टिकत नसे. पावसाळ्यात पाहुणे यायचे ते छत्री बाहेर ठेवायच्या ऐवजी काखेत धरून बसायचे.

काकांना घड्याळ नव्हतं. "उभा जलम दुसऱ्याला टाइम सांगितला, आता बस्स," म्हणत. घरात काही विचारलं तर उत्तर बहुतेक तांब्यातून येई. काकू खालून ओरडत, "अहो, कोथिंबीर आणली का?" वरून घोषणा होई, "कोथिंबीर आणायला गेलेली गाडी अद्याप निघालेली नाही." काकू कपाळावर हात मारून स्वतःच पिशवी उचलत, आणि जाता जाता हसत.

पहिल्याच आठवड्यात काकांनी मला आमंत्रण दिलं, "रविवारी तीनला वर या, गाडी सुटती." मी तीनला हजर. खोलीत आणखी दोघेजण होते. एक गंजगोलाईच्या बाजारातले घड्याळवाले चाचा, मूळचे उदगीरचे, आणि दुसरे एका शाळेतले ड्रॉइंगचे सर. तिघं भाजलेल्या शेंगा फोडत बसलेले. गाडी लातूरच्या फलाटाला उभी. साडेतीन झाले, चार झाले. मी विचारलं, "काही बिघाड आहे का?"

"न्हाई. लेट हाय," काका म्हणाले.

"पण बटण तर तुमच्याच हातात आहे!"

तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी देवळात चप्पल घालून शिरले होते. चाचा समजुतीने म्हणाले, "मॅडम, जरा सबर करा. खरी गाडी अजून सुटली न्हाई तर आपली कशी सुटंल?"

तर नियम असा होता. मागच्या बाजूला खरी लाइन. दुपारच्या खऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली की मगच काका बटण दाबणार. ती तासभर लेट तर ही तासभर लेट. मी पाचला रागारागाने उठून गेले, आणि जिन्यात असतानाच शिट्टी झाली. वरून तिघांचा एकदम 'हां!' असा आवाज आला. परत जायला माझा अभिमान आडवा आला. पुढच्या रविवारी मात्र मी टेस्टचे पेपर तपासायला घेऊन वर जाऊन बसले. त्याच्या पुढच्या रविवारी पेपर खालीच राहिले.

बसायचं कारण नुसती गाडी नव्हती. प्रत्येकाने आठवडाभर जे काही बनवलं असेल ते तो लाइनच्या कडेला आणून ठेवी आणि वर रुमाल झाकी. चाचा घड्याळातल्या चाकांचे सिग्नल करत. सर घोसाळ्याच्या जाळीची झाडं करत. रुमाल काढायचा तो गाडी त्या वस्तूजवळून गेली की मगच. गाडी गेली तर वस्तू पास, अडली तर नापास, घरी न्यायची. आणि पास झालेल्या वस्तूलाही 'सुंदर', 'अप्रतिम' असं काही म्हणायचं नाही. फक्त म्हणायचं, "बरं हाय." मी आजवर खूप कौतुकं ऐकली, पण चाचांचं ते सरांच्या बाभळीकडे बघून म्हटलेलं 'बरं हाय' ऐकून सरांचा चेहरा जसा फुलायचा तसा कुणाचा फुललेला पाहिला नाही.

चुकाही व्हायच्या, आणि त्या जातिवंत असायच्या. रुळांखालची खडी हुबेहूब दिसावी म्हणून एकदा काकांनी वाळू नाकारून ज्वारीच्या कण्या डिंकाने चिकटवल्या. रंग अगदी तंतोतंत जमला. आठवड्याभरात मुरूड ते ढोकी सगळी खडी उंदरांनी खाल्ली आणि उरलेल्यावर मुंग्यांनी ताबा घेतला. त्या रविवारी खरी गाडी चक्क वेळेवर सुटली आणि आमची अडकली. काका तांब्यातून म्हणाले, "रुळावर मुंग्या असल्यामुळे गाडी पुढील सूचनेपर्यंत मुरूडला थांबेल." काकूंनी त्या कण्या घाटी शिजवायला ठेवल्या होत्या आणि डबा रिकामा आहे हे त्यांना तेव्हाच कळलं, त्यामुळे त्या दिवशी जेवणही पुढील सूचनेपर्यंत थांबलं.

हा शिट्टीचा नियम कुठून आला, हे मला काकूंनी सांगितलं. एकदा दोघी शेवया वळत बसलो होतो.

"भूकंपाच्या वक्ताला बग," त्या म्हणाल्या, "सगळी गल्ली मैदानात झोपायची. घरात पाय ठेवायची हिंमत न्हवती कुणाची. ट्रक गेला तरी लोक धडपडून उभे. अन् हे एके दिवशी सरळ घरात शिरले. मी वरडतेय, अहो जाऊ नका, जाऊ नका! मला वाटलं पेटीतलं सोनं आणायलेत. तर ह्यांनी काय आणलं? रेल्वे! तवा लहान होती, दोन पाटांवर मावायची. मी म्हणलं, आता ह्यांचं डोकं पण हाललं."

मैदानात सगळ्यांचे कान जमिनीला लागलेले. कुठे गुरगुरतंय का, कुठे हलतंय का. काकांनी पाट जोडले, रूळ मांडले आणि लोकांना म्हणाले, "कान लावायचेच हायत तर शिट्टीकडं लावा. खरी गाडी सुटली की आपली सुटंल, त्याच्या आधी न्हाई." पोरं जमली, मग पोरांचे आईबाप जमले. शिट्टी झाली, पाटावरची गाडी हालली, आणि काकू म्हणतात की त्या दिवसांत मैदानात पहिल्यांदा लोक मोठ्याने हसले.

"हे ड्रॉइंगचे सर बी तिथंच व्हते," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांचं गाव त्या पट्ट्यातलं. घर पडलं, माणसं गेली. कुणाशी बोलत न्हवते. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुठ्ठ्यावर 'लातूर' असं लिहून पाटी आणली. रंग वला व्हता, धूळ चिकटू नये म्हणून वर रुमाल टाकला. गाडी पाटीपशी गेली तवा काढला. तवापासून चाललंय हे रुमालाचं."

मी शेवया वळायची थांबले होते. काकू म्हणाल्या, "हात चालू दे, पीठ वाळायलंय."

मग एक दिवस छोटी गाडी बंद झाली. मोठी लाइन येणार म्हणून रूळ उखडायला लागले. सगळ्या लातूरला आनंद. मीही म्हटलं, चला, सुधरलं लातूर. काकांनी शांतपणे तांब्या उचलला आणि घोषणा केली की रुंदीकरणाच्या कामामुळे गाडी बंद आहे. आणि खरोखर कामाला लागले. छत्रीच्या काड्या उपटून रुंद अंतरावर नव्याने बसवल्या. चाचांनी नव्या मापाचे डबे केले, इतके चोख की हात लावावासा वाटू नये. हाताने ढकलून बघितले तर पहिलाच डबा ढोकीच्या फलाटावर आपटला. गाडी मोठी केली होती आणि फलाट मागे सरकवायचे राहिले होते. मग ढोकी, मुरूड, हरंगूळ सगळी गावं बोटबोटभर मागे सरकली. सर म्हणाले, "खऱ्याला बी एवढा ताप झाला नसंल."

पण हे सगळं शिट्टीशिवाय. गाडी तयार होती आणि नियमामुळे उभी होती. चाचा आणि सर रविवारी येत, वस्तू ठेवत, रुमाल झाकत आणि चहा पिऊन लवकर उठत. काका एकदा मला म्हणाले, "गाडी लेट असली की माणूस बसतंय, मॅडम. गाडीच नसली की उठतंय." त्यांचा तांब्या त्या काळात काकूंना पाणी प्यायला मोकळा मिळू लागला होता, आणि काकूंना ते अजिबात आवडत नव्हतं. फळकुटावर रुमाल वाढत गेले. शेवटी शेवटी तर ती खोली धोब्याच्या दुकानासारखी दिसायला लागली.

काकांची सून वाईट नव्हती. गल्लीत घरोघरी मुलींची होस्टेलं निघत होती आणि यांच्या घरातली सगळ्यांत मोठी खोली रुमाल झाकून पडलेली. एक दिवस ती सासऱ्यांना सरळच म्हणाली, "मामा, गाडी चालू असती तर मी शब्द काढला नसता. बंदच हाय तर जूनमध्ये पोरींना देऊ की."

काका म्हणाले, "जूनपर्यंत मोठी गाडी येतीच. तवा आपली सुटली तर खोली माझी, न्हाई सुटली तर तुझी." एवढ्या चटकन हो म्हणाले की मलाच धास्ती वाटली.

मोठी गाडी आली. उन्हाळ्यातच आली. हार झाले, पेढे झाले. आणि काका, चाचा, सर तिघं वरच्या खोलीत कान टवकारून बसले. काहीच ऐकू आलं नाही. नवं स्टेशन गावाबाहेर होतं. घरामागच्या जुन्या लाइनीवर आता रस्ता होत होता, आणि ऐकू येत होता तो रोड रोलर. पुढच्या रविवारीही तेच. जून तोंडावर आला होता.

सर न राहवून म्हणाले, "दाबा की वो बटण. कुणाला कळतंय?"

काकांनी बटणाकडे पाहिलं. मग म्हणाले, "मैदानात लोकांना काय सांगितलं व्हतं आपण, सर?" सरांनी मान खाली घातली. काकांनी फलाटावरची गाडी रुमालाने पुसली आणि तोच रुमाल तिच्यावर पांघरला. मला इतका राग आला! त्या नियमाचा, काकांचा, स्टेशन तिकडे नेणाऱ्यांचा, सगळ्यांचा.

मी म्हटलं, "काका, माझ्याकडे मोबाइल आहे. पुढच्या रविवारी मी नव्या स्टेशनवर जाते. गाडीने भोंगा दिला की तुमच्या घरच्या फोनवर ऐकवते."

काका विचारात पडले. फोनवरची शिट्टी खरी धरायची की नाही? निवाडा चाचांनी केला. "रेडिओवर चांद दिसला म्हणले की आम्ही ईद करतोच की. फोनवरची शिट्टी का चालू नये?"

तो जूनच्या आधीचा शेवटचा रविवार होता. निघण्याआधी मीही एक वस्तू फळकुटावर, रुळाच्या फाटकापाशी ठेवली आणि वर रुमाल टाकला. इतक्या वर्षांत माझी पहिलीच. माझ्या हातात कला नाही, त्यामुळे ती काय आहे हे मी कुणाला कळू दिलं नाही.

स्टेशनवर ही गर्दी. मी चौकशी केली आणि फोन लावला. "काका, गाडी लेट आहे."

मला वाटलं, आता काका खचणार. आणि मग कान फुटेल असा आवाज आला, "लेट हाय! अगं ऐकलं का, लेट हाय! मोठी गाडी बी लेट हाय!"

मग फोनमध्ये तांब्या घुमला. कित्येक महिन्यांनी घुमला. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. दुपारची गाडी लेट आहे. प्रवाशांनी चहा घ्यावा." चाचांचं हसणं ऐकू आलं, शेंगा फुटल्याचा आवाज आला. काकू कुणाला तरी सांगत होत्या, "बस ग, आता लवकर न्हाई सुटत." आणि सुनेचा आवाज, "किती लेट हाय पण, मामा?" नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो तसं तिने ते विचारलं होतं. मी फलाटावर उभी राहून एकटीच हसत होते. तेव्हापासून ती सवय लागली.

शेवटी भोंगा झाला. मी फोन डोक्यावर उंच धरला. शेजारचा माणूस माझ्याकडे बघत दोन पावलं बाजूला सरकला. फोन पुन्हा कानाला लावला तर टेपरेकॉर्डरच्या मोटरीची बारीक घरघर. गाडी चालली होती. मध्ये कुणीतरी, "बरं हाय." पुन्हा घरघर. "बरं हाय." मग काकूंची किंकाळी आणि हसणं आणि रडणं एकदमच. "बरं हाय. लई बरं हाय." आणि एकाएकी घरघर थांबली.

"काका? काय झालं? अडली का?"

"अडली न्हाई. सिग्नलला उभी केली. एक रुमाल राहिलाय. तुम्ही या."

मी रिक्षावाल्याला म्हटलं, "लवकर चला, गाडी थांबलीय." तो म्हणाला, "स्टेशनवरून तर निघालाव, बाई." मला सांगायला वेळ नव्हता.

वर गेले तर सगळे शेंगांच्या टरफलांत बसलेले. सून काकूंच्या मांडीला मांडी लावून. रुमालांची चवड एका बाजूला, आणि फळकुटावर जे काही उभं राहिलं होतं ते मी पाहतच राहिले. नवं स्टेशन, चाचांचे सिग्नल, येडशीच्या घाटात माकडं. आणि लातूरच्या मागे मैदान. त्यात साड्यांच्या चिंध्यांचे तंबू, दोन पाट, आणि भोवती बोटाच्या पेराएवढी माणसं, सगळी एका दिशेला कान करून. ते सरांचं होतं. काकू डोळे पुसत त्यांना विचारत होत्या, "ह्यात मी कुठं हाय?" सरांनी बोटाने दाखवलं, "ही बगा. तुम्ही वरडायलाव."

सून उठली, काकांना म्हणाली, "मामा, पोरींना खालची आमची पुढची खोली देऊ. पुढच्या रविवारी मी किती वाजता येऊ?"

"तीनला ये," काका म्हणाले. "अन् घाई करू नको." मग माझ्याकडे वळले, "चला, मॅडम. सगळी गाडी तुमच्यासाठी थांबलीय."

त्यांनी बटण दाबलं. गाडी फाटकापाशी आली आणि माझ्या रुमालाला धडकून थांबली. अडली, म्हणजे नापास. काकांनी रुमाल उचलला. खाली माझी बस होती. काडेपेटीला लाल कागद, शर्टाच्या चार गुंड्यांची चाकं, चारही वेगवेगळ्या मापांची, आणि सगळी एका बाजूला कललेली. फाटक उघडण्याची वाट बघत उभी, पण नाक रुळावर आलेलं.

काका तिच्याकडे बघत राहिले. उभ्या आयुष्यात त्यांनी नियम मोडला नव्हता. मग त्यांनी फळकुटावर दोनदा बोट वाजवलं, बस मागे घेताना कंडक्टर पत्र्यावर हात मारतो तसं, आणि करंगळीने ती हळूच मागे ढकलली. "येऊ द्या, येऊ द्या, येऊ द्या... बस्स!" आणि सगळ्यांकडे बघून म्हणाले, "बसचा काही दोष न्हाई. ड्रायव्हरनं पुढं घेतली व्हती."

गाडी निघून गेली. फाटक उघडलं. आता 'बरं हाय' म्हणायची पाळी काकांची होती, पण त्यांना ते जमेना. त्यांनी तांब्या चाचपला, तोंडाला लावला, आणि आवाज नेहमीपेक्षा जरा जास्तच घुमला.

"लातूर, अहमदपूर, लोहा, नांदेड, अर्धापूर, हदगाऽऽव. ही गाडी लेट आहे. प्रवाशांनी बसून घ्यावे."